कोरडा ठेवलेला डोंगा

मला पोहता येत नाही. तरीही आयुष्यातली नऊ वर्षं मी एका डोंग्याचा मालक होतो. हे ऐकलं की लोक हसतात. हसू देत. त्या डोंग्यानं माझी जी फजिती केली ती हसण्यासारखीच आहे, पण त्या वेळी डोंग्यात पाच पोरं बसलेली होती, त्यामुळे मला स्वतःला ती हसून सांगणं कधी जमलं नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी तेव्हा तिरोड्याकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर होतो. घर गोंदियाला लागून मुर्रीत, पण रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आठवडाभर गावातच खोली करून राहायचो. गावाला तलाव होता. चोरखमाऱ्याच्या तलावापुढे आमचा तलाव म्हणजे परातीपुढे वाटी. पण पावसाळ्यात ही वाटी भरली की पाणी मागच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, पसरायचं आणि पलीकडची टोली गावापासून तुटायची. टोलीत ढिवरांची दहा-बारा घरं. मासेमारी आणि दुसऱ्याच्या शेतात रोवणी, यावर त्यांचं चालायचं. तिथली पाच पोरं माझ्या शाळेत होती. उन्हाळ्यात ती धुऱ्यांवरून, म्हणजे बांध्यांमधल्या मातीच्या बांधांवरून, वीस मिनिटांत शाळेत यायची. जुलैत पाणी चढलं की जंगलाच्या कडेनं नऊ किलोमीटरचा फेरा. मग दिवाळीपर्यंत हजेरीपटावर त्यांच्या ओळी रिकाम्या.

त्या टोलीतल्या एका बाईच्या दोन मुली माझ्याकडे होत्या, एक तिसरीत आणि एक पहिलीत. नवरा नागपूरला इमारतींच्या कामावर. ही बाई त्याच्या लहानशा डोंग्यातून स्वतः जाळं टाकायची. तो डोंगा एवढासा, की एक माणूस आणि एक जाळं बसलं की भरला. मार्च महिन्यात एक दिवस ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, माह्या पोरी हुशार हायेत का ढ हायेत?"

मी म्हटलं, "हुशार आहेत. पण चार महिने शाळेत नसतात. मग मागे पडतात."

"म्हंजे त्या कशा हायेत ते मले समजनच नाही का?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्गात उत्तर नसलं की मी पोरांना वह्या काढायला सांगायचो. तिला काय सांगणार? त्या रात्री जेवण गोड लागलं नाही, आणि महिनाभरात मी चोरखमाऱ्याच्या एका मासेमाराचा मोठा, फळ्यांचा डोंगा विकत घेतला. तो त्याच्या घरामागे दोन वर्षं उपडा पडून होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लादून तो गावात आणला तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, माणसं गोळा झाली.

"गुरुजी, तुमाले पोहता येते का?"

"नाही."

"मंग डोंगा कायले घेऊन राहिले?"

"पोहता येत नाही म्हणूनच," मी म्हटलं. लोक हसले, मीही हसलो. माझं मन त्या दिवशी फार वर गेलेलं होतं.

आमच्या तलावाच्या पाळीवर मोहाची चार मोठी झाडं होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासेमार आपापले डोंगे ओढून त्या झाडांखाली आणायचे आणि तिथंच त्यांची दुरुस्ती व्हायची. त्या जागेला कारखाना वगैरे कोणी म्हणत नसे. 'मोहाखाली' म्हणायचे. डोंगा मोहाखाली गेला म्हणजे दुरुस्तीला गेला. तिथला मिस्त्री सत्तरीचा, हाडकुळा, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. आजूबाजूच्या दहा गावांतले डोंगे त्याच्या हाताखालून गेलेले. त्यानं माझ्या डोंग्याभोवती एक फेरी मारली, बोटांच्या पेरांनी फळ्या वाजवून पाहिल्या आणि म्हणाला, "चार फळ्या गेल्या. बाकी मानूस चांगला हाये." डोंग्याला तो माणूसच म्हणायचा.

आता माझ्या स्वभावाविषयी सांगितलं पाहिजे. छप्पन साली माझे बाबा ऐन तरुण होते. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. राइस मिलमध्ये हमाली करणारा माणूस, पण मला त्यांनी एक गोष्ट ठोकून ठोकून शिकवली, की कोणी काही सांगितलं तर आधी काऊन, म्हणजे का, असं विचारायचं. ते माझ्या अंगात इतकं मुरलं की गावानं माझं नावच काऊन गुरुजी ठेवलं. त्या वर्षांत मी शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर बोलायला जायचो. लिंबू का टांगतात, मांजर आडवी गेली तर काय होतं, सगळं पाठ होतं. पोरं टाळ्या वाजवायची आणि मी जरा नाकानं कांदे सोलायला लागलो होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी मोहाखाली ठाण मांडलं. उंटावरून शेळ्या हाकणं मला जमत नाही, मी शेळीच्या मागेच चालणारा माणूस. सकाळी सातला खाट टाकून बसायचो ते ऊन पाठीवर येईपर्यंत. हातात शाळेची फुटपट्टी आणि एक वही. वहीत दोन रकाने आखले होते. एकात काम, दुसऱ्यात अंधश्रद्धा. मिस्त्री जे करायचा, जे बोलायचा, ते मी या नाही तर त्या रकान्यात टाकायचो. लाकूड बिज्याचंच पाहिजे, हे काम. सोमवारी लाकडात लोखंड घालायचं नाही, ही अंधश्रद्धा. सांध्यात कापूस भरायचा आणि वरून राळ जवसाच्या तेलात कढवून ओतायची, हे काम. नव्या फळीला पाय लागला तर तिच्या पाया पडायचं, ही अंधश्रद्धा.

"कायले पाया पडता मिस्त्री? ती फळी हाये."

"माहा बाप पडत होता."

"तो कायले पडत होता?"

"त्याले इचारा लागते," मिस्त्री म्हणायचा आणि पटाशीवर हातोडा मारायचा. बाप मरून तीस वर्षं झाली होती.

मी एका सोमवारी हट्टानं स्वतः एक खिळा ठोकला. काही झालं नाही. मिस्त्रीनं तो खिळा निमूटपणे उपटला आणि मंगळवारी दोन बोटं बाजूला पुन्हा ठोकला. मी विचारलं तर म्हणाला, "वार जाऊ द्या, तुमी गाठीवर ठोकला होता." ते मी कोणत्याच रकान्यात लिहिलं नाही.

काम मात्र सुरेख होतं. सडलेल्या चारही फळ्या निघाल्या आणि नव्या अशा बसल्या की जुन्या-नव्यातला फरक रंगावरून तेवढा कळायचा. मला एकच गोष्ट खटकत होती. सांध्यांत कापूस त्यानं सैलच भरला होता. मी फुटपट्टीचा कोपरा घालून पाहिला, ठिकठिकाणी आत जात होता. मी म्हटलं, "मिस्त्री, ह्या फटी राहून गेल्या."

"राहून नाही गेल्या, ठेवल्या."

"कायले?"

मिस्त्रीनं हातातलं काम खाली ठेवलं. डोंगा जवळजवळ पुरा झाला होता आणि त्यालाही हे बोलायचंच होतं. तो म्हणाला, "आता डोंग्याले गंगेत बसवा लागते. नारळ फोडायचा, हळद-कुंकू लावायचं, अन गोटे भरून तीन दिवस बुडवून ठेवायचं. तीन दिवस मालकानं मच्छी-मटन खायचं नाही. गंगामाय त्याले आपला म्हंते. मंग तो पानी आत घेत नाही. फटी आपोआप मिटते."

हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. नारळ, कुंकू, बुडवणं, मटण, गंगामाय, फटी, सगळं एकाच दोरीत ओवलेलं. मी ते ओवलेलंच उचललं आणि जसंच्या तसं दुसऱ्या रकान्यात टाकलं. त्यातलं एक कामाचं असू शकेल, हा विचार मला शिवला नाही. याची मला आजही लाज वाटते.

"आमच्या घरी नारळ फुटत नाही," मी म्हटलं. "कुंकूही नाही. आणि धडधाकट केलेला डोंगा बुडवायचा कशाला? बुडू नये म्हणून तर दुरुस्त केला."

"तशी रीत हाये."

"मी रीत मानत नाही."

"मंग मी माह्या हातानं त्याले पान्यात लोटत नाही," मिस्त्री म्हणाला. त्यानं हत्यारं पोत्यात भरली, खर्रा थुंकला आणि निघून गेला. मागून आवाज द्यावा असं मला वाटलं नाही. उलट त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो. बाबांना सांगण्यासारखं काही केलं असं वाटत होतं.

राहिलेल्या फटी मी स्वतः बुजवल्या. डांबर आणून आतून-बाहेरून दोन-दोन हात मारले. जून लागला, पावसाची चिन्हं दिसायला लागली, तर डोंगा भिजू नये म्हणून खाली विटा लावून तो उपडा केला आणि वर ताडपत्री बांधली. रोज शाळेत जाण्याआधी ताडपत्रीच्या दोऱ्या तपासून जायचो. आत हात घालून पाहायचो. अगदी कोरडा ठाक. एवढी काळजी मी माझ्या सायकलचीही कधी घेतली नव्हती.

जुलैच्या मध्यात धुरे पाण्याखाली गेले. डोंगा पाण्यात ढकलायला पाळीवरच्या मासेमारांनी हात दिला, कोणी नाही म्हटलं नाही. पण ढकलून झाल्यावर कोणी चढलंही नाही. बांबू मारायला, म्हणजे तळाला बांबू रेटून डोंगा हाकायला, टोलीतली ती बाई आली होती. तिनं डोंग्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "गंगेत बसवला होता का गुरुजी?"

मला वाटलं, इथंच खरी परीक्षा आहे. मी तिला पाळीवर उभ्या उभ्या सांगितलं, की नारळानं डोंगा तरत नसतो, लाकूड पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून तरतो. डांबराचे दोन हात मी स्वतः मारले आहेत. शिकलेल्या माणसानं तपासलेली वस्तू आहे. बरंच बोललो. ती ऐकत राहिली.

"तुमी म्हंता तं बसतो," ती म्हणाली. "तुमच्यावर इस्वास हाये."

पलीकडे जाताना आम्ही दोघंच होतो. मधे जुन्या नाल्याचं पात्र होतं, तिथं बांबू पुरा आत जायचा. तेवढा पट्टा ओलांडला की पुन्हा बुडालेल्या बांध्या. टोलीला लागेपर्यंत तळाला बोटभर पाणी जमलं होतं. तिनं ते पाहिलं. "पानी येऊन राहिलं गुरुजी."

"नवीन काम आहे. थोडं येणारच," मी म्हटलं, आणि डब्यानं उपसून टाकलं. मला खरंच तसं वाटत होतं का? आज इतक्या वर्षांनी मी प्रामाणिकपणे सांगतो, मला शंका आली होती. पण पाचही पोरं किनाऱ्यावर दप्तरं घेऊन उभी होती, केसांना तेल लावून, गणवेश घालून. आणि पाळीवर माणसं उभी होती. मला त्यांच्यासमोर रिकामा डोंगा घेऊन परत जायचं नव्हतं.

पोरं बसली. त्यांच्या वजनानं डोंगा चार बोटं खाली गेला आणि येताना पाण्याच्या वर असलेले सांधे आता पाण्याखाली आले. नाल्याच्या पात्रावर पोचेपर्यंत पाणी पोरांच्या घोट्यांपर्यंत होतं. मी डब्यानं उपसत होतो, तर दुसऱ्या बाजूनं डांबराची एक लांब पट्टी सालीसारखी सुटून आली आणि तिच्यामागून पाण्याची धार. मोठी मुलगी म्हणाली, "माय, दप्तर ओलं झालं." कोणी रडलं नाही. त्यांना वाटलं असावं, डोंगा असाच असतो.

"कोनी हलू नोका," बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. तिनं डोंगा फिरवला, पाळीकडे न नेता आडवा काढला, आणि नुसत्या पाण्यात, जिथं मला काही दिसत नव्हतं, तिथं बांबू मारत सुटली. आठ-दहा वेळा तिनं बांबू मारला असेल. मी उपसणं सोडून धाकटीला धरून बसलो होतो. पोहता न येणाऱ्या माणसानं तिला धरून काय होणार होतं, कोण जाणे. मग डोंग्याचा तळ कशाला तरी घासला आणि तो एका बाजूला टेकला. पाण्याखालचा धुरा होता. आपल्या गावच्या बांध्या तिला पाण्याखालूनही पाठ होत्या. ती उतरली, पाणी तिच्या कमरेला. एकेक पोर तिनं धुऱ्यावर उभं केलं, हाताला हात धरायला लावला आणि त्या रांगेनं आम्ही परत टोलीकडे गेलो. डोंगा मागे तसाच पाण्यानं भरला. एक पाटी आणि दोन वह्या गेल्या. बाकी काही गेलं नाही.

टोलीवर पोचल्यावर मी तिच्यासमोर उभा राहिलो. ती दोन शिव्या देईल तर बरं, असं वाटत होतं. ती मुलींचे केस पदरानं पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "राहू द्या गुरुजी. पानी उतरेल तवा पाहू."

पाणी उतरेल तेव्हा म्हणजे दिवाळीला. मी जंगलाच्या फेऱ्यानं नऊ किलोमीटर चालत गावात आलो. मी पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली होती. नारळ नाही फोडला, गंगेनं घेतला, असंच सगळ्यांच्या तोंडी. माझ्या सात वर्षांच्या भाषणांवर एका सकाळीत पाणी पडलं, आणि मूग गिळून बसण्याशिवाय मला दुसरं काही करता आलं नाही.

रविवारी मुर्रीला गेलो. बाबा अंगणात बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, नारळावरून झालेला वादही सांगितला, जरा अभिमानानंच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "डोंगा बुडवून ठेवला होता का पान्यात?"

"नाही. ती त्यांची रीत हाये, गंगेची."

"गाडीचं चाक उन्हाळ्यात कायले टाकत होतो आमी बोडीत?"

मुर्रीच्या बोडीत, गावच्या त्या लहानशा तळ्यात, दर उन्हाळ्यात बैलगाड्यांची चाकं बुडवलेली असायची. लाकूड सुकून आरे खुळखुळ वाजायला लागले की चाक चार दिवस पाण्यात टाकायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, वरची लोखंडी धाव घट्ट बसते. मी लहानपणी त्या चाकांवर उभा राहून हात-पाय धुतले होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला विचारायचं सुचलं नव्हतं.

"देव बी आमी त्याच बोडीत टाकले होते, बाबू, अन चाकं बी," बाबा म्हणाले. "देव तेथीच राहू देले. चाकं काढून आनली."

त्यांना हसू आलं होतं, पण माझा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. पोरांना काही झालं नाही ना, हे पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले, "जा, त्या मिस्त्रीले भेट आधी." चहासुद्धा न घेता मी निघालो.

मिस्त्री आपल्या ओसरीवर जाळ्याची गाठ मारत बसला होता. मी जाऊन खाली बसलो. माझा राग अजून पुरता गेला नव्हता, माफी मागायला जाऊन मी भांडणच काढलं. "लाकूड फुगते, हे काऊन नाही सांगतलं तुमी?"

"सांगतलं ना. गंगेत बसवा म्हनून सांगतलं."

"फुगते म्हनून नाही सांगतलं."

"तुमी इचारलं कुठं?" मिस्त्री म्हणाला. "तुमी गंगेचं इचारलं. लाकडाचं इचारलं असतं तं लाकडाचं सांगतलं असतं. मी कापूस सैल कायले ठेवला? ठासून भरला असता तं फुगल्यावर फळीच फुटली असती. इतलं तं लहान पोट्ट्याले बी समजते. मले वाटलं, तुमाले समजून राहिलं, तरी तुमी नाही म्हनून राहिले."

म्हणजे त्याच्या लेखी मी अडाणी नव्हतो, हेकेखोर होतो. दोन्हींपैकी काय बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्याला म्हटलं, चूक माझी होती. तुम्ही या. तुमच्या पद्धतीनं करा.

"नारळाचं काय करता?"

"तुमी फोडा. मी हात जोडनार नाही."

"तुमच्या हाताचं गंगेले काय काम?" तो म्हणाला. "खोबरं तं खाल का नाही?"

"खोबरं खाईन."

दुसऱ्या दिवशी डोंगा ओढून आणला. मिस्त्रीनं माझं सगळं डांबर खरवडून काढलं, त्याला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस तो डांबराला शिव्या देत होता की मला, ते कळायला मार्ग नव्हता. मग पाळीच्या कडेला त्यानं नारळ फोडला. मी बाजूला उभा राहिलो, चपला काढल्या नाहीत, हात जोडले नाहीत. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. गोटे भरून डोंगा बुडवला. तीन दिवस शाळा सुटली की मी पाळीवर जाऊन बसायचो. पाण्याखाली त्याची कड तेवढी दिसायची. चौथ्या दिवशी तो काढून उपसला, पुन्हा पाण्यात लोटला, आणि दुपारभर तसाच सोडला. तळाला थेंब नव्हता. जिथं माझी फुटपट्टी आत जायची तिथं आता नख जाईना. मी मिस्त्रीसमोर उकिडवा बसून सांधा न् सांधा पाहिला. या वेळी वही आणली नव्हती.

गाव म्हणालं, नारळ लागू पडला. मी वर्गात गाडीच्या चाकाचा धडा घेतला. पाण्याच्या अलीकडे राहणाऱ्या पोरांना तो पटला. पण ज्या पाच पोरांसाठी हे सगळं होतं ती पलीकडे होती.

मी फेऱ्यानं चालत टोलीला गेलो. बाईला सगळं खरं सांगितलं. लाकडाचं, चाकाचं, माझ्या ताडपत्रीचं, आणि हेही, की त्या दिवशी पाणी येताना मला शंका आली होती तरी मी बोललो नाही. ती म्हणाली, "उद्या डोंगा आना. कोनाले तरी बांबू माराले घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवरचा एक मासेमार मला घेऊन आला. या वेळी तो विनातक्रार चढला. टोलीच्या किनाऱ्यावर बाई उभी होती. पोरं नव्हती. तिच्या पायाशी धानाची पाच पोती होती, लहान-मोठी, काही अर्धी भरलेली. ती एकेक पोतं उचलून डोंग्यात ठेवायला लागली. सगळ्यांत लहान पोतं तिनं पुढे ठेवलं, जिथं त्या दिवशी धाकटी बसली होती. तेव्हा मला कळलं. तिनं पाचही पोरांच्या वजनाची पोती भरली होती.

तिनं बांबू घेतला. मासेमार टोलीतच थांबला. मी पोत्यांच्या मधे बसलो. नाल्याच्या मधोमध, सर्वांत खोल जागी, तिनं डोंगा थांबवला, बांबू मांडीवर आडवा घेतला आणि वाकून तळावर हात फिरवायला लागली. एका बाजूनं, मग दुसऱ्या. पोती सरकवून त्यांच्याखालीही. हात वर करून तिनं तळवा पाहिला. कोरडा होता. मग पोत्यांची बुडं चाचपली.

"त्या दिवशी हेच कराले पायजे होतं," ती म्हणाली. "पानी आलेलं मले दिसत होतं गुरुजी. तुमी म्हनले काही नाही, म्हनून मी पोरी बसवल्या. तुमी शिकलेले. मी डोऱ्यानं पाहून बी तुमचंच आयकलं."

मी तिला म्हटलं, चूक माझी होती, तुमची नाही.

"माही बी होती," ती म्हणाली. "पोरी माह्या हायेत."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवायला डोंग्यात जागाही नव्हती. सात वर्षं गावोगाव सांगत फिरलो होतो, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः तपासा. आणि जिनं माझ्यासमोर तपासायला तोंड उघडलं तिला मी माझ्या शिकलेपणाच्या जोरावर गप्प बसवलं. गंगेवरचा तिचा विश्वास काढून तो मी स्वतःच्या पायाशी ठेवून घेतला होता.

दुसऱ्या दिवसापासून पोरं आली. पुढची नऊ वर्षं, दर पावसाळ्यात, ती बाई डोंग्यात चढली की आधी वाकून तळावर हात फिरवायची. मी सकाळी लवकर येऊन पाहून ठेवलेलं असायचं. सुरुवातीला मी सांगायचो, "पाहिलं मी, कोरडा आहे."

ती मान हलवायची, आणि स्वतः पाहायची. मगच पोरांना बसा म्हणायची.